व्हर्नाबाईंची शिट्टी

अल्टूना, पेनसिल्व्हेनिया
९ मार्च २००३

प्रिय कॉरीन,

पाकिटाची जाडी पाहून तुला वाटलं असेल, बाबांना काहीतरी झालं. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो गेली दहा वर्षं कुरकुरतोच आहे. नाताळच्या कार्डावर चार ओळी आणि खाली सही, यापलीकडे मी तुला कधी काही लिहिलं नाही. पत्र लिहिणं हे खातं तुझ्या आईचं होतं. ती गेल्यावर ते खातं मी चालवायला हवं होतं, पण सहा वर्षं नुसता पेन हातात धरून बसलो. आज मात्र सकाळपासून बर्फ वितळून छपरावरून गळतंय, दुकानात चिटपाखरू नाही, आणि मला तुला एका शिट्टीची गोष्ट सांगायची आहे.

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गॅरेजमध्ये दुकान थाटून मी जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या दुरुस्त करतो, हे तुला माहीत आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ती जडशीळ लोखंडी इंजिनं, मागे कोळशाचा डबा, आणि त्या डब्याच्या पोटात शिट्टी. लोकांना वाटतं शिट्टीचा आवाज इंजिनातून येतो. तसं नसतं. डब्यात एक बोटभर मोटर असते, तिला पंखा असतो, आणि तो पंखा दोन कप्प्यांतून वारा फुंकतो. खरी गंमत पुढे आहे. रुळांतून सारखी एसी वीज वाहत असते, तिच्यावर गाडी पळते. ट्रान्सफॉर्मरवरचा शिट्टीचा दांडा ओढला की त्या विजेत चिमूटभर डीसी मिसळली जाते. डब्यात एक छोटा रिले असतो, तो एसीकडे ढुंकून बघत नाही. ती चिमूट आली की मात्र तो खटकन ओढला जातो, मोटर सुरू होते आणि शिट्टी वाजते. सगळ्या गर्दीत फक्त आपल्या माणसाची हाक ओळखावी, तसं. कोणी शोधून काढलं असेल हे, याचं मला कारखान्यात उमेदवार होतो तेव्हापासून नवल वाटत आलंय.

गेल्या ऑक्टोबरात एक बाई केकच्या पत्र्याच्या डब्यात असाच एक कोळशाचा डबा घेऊन आल्या. पासष्टीच्या असतील, उंच, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. मी म्हटलं, काय झालंय याला? त्यांनी पर्समधून वही काढून लिहिलं, “वारा येत नाही.” मला कळेना. मी पुन्हा मोठ्याने विचारलं, मग आणखी मोठ्याने. त्यांनी शांतपणे लिहिलं, “तुम्ही कितीही ओरडलात तरी मी बहिरीच राहणार. शेजारी मात्र पोलिसांना बोलावतील.”

त्या म्हणजे व्हर्ना कोवाच. हॉलिडेजबर्गला एकट्या राहतात. छापखान्यात खिळे जुळवणारी जुळारी म्हणून आयुष्य काढलं. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, मिलानची. तो गेल्या उन्हाळ्यात गेला. लहानपणी नाताळात गाडी मांडली की मिलान धाकट्या बहिणीला रुळाशेजारी पोटावर झोपवायचा आणि गाडी तिच्यापाशी थांबवून दांडा ओढायचा. डब्याच्या खालून निघालेला वारा तिच्या गालावर यायचा आणि फरशी थरथरायची. घरातले बाकीचे कानाने शिट्टी ऐकायचे, ही गालाने. आता गाडी त्यांच्याकडे आलीये आणि वारा येत नाही. एवढंच काम होतं.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. डबा उघडला. मोटरमधलं जुनं तेल डिंकासारखं झालं होतं. साफ केलं, घासून गेलेले ब्रश बदलले, तेलाचा एक थेंब टाकला. माझ्या टेबलावरच्या रुळावर ठेवून, माझ्या मोठ्या काळ्या ट्रान्सफॉर्मरचा दांडा ओढला तर अशी खणखणीत शिट्टी वाजली की मांजर पळालं. व्हर्नाबाई खाली वाकल्या, एक हात ट्रान्सफॉर्मरवर टेकला, गाल रुळाजवळ नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ उठल्याच नाहीत. मी दांडा धरून उभा. हात भरून आला, पण सोडवेना.

चार दिवसांनी त्या परत आल्या. “घरी वारा येत नाही.” मी डबा माझ्या रुळावर ठेवला, वाजला. मी हातवारे करून सांगितलं, उत्तम आहे. त्या गेल्या आणि शनिवारी पुन्हा हजर. “घरी वारा येत नाही. तुमच्याकडेच येतो. तुम्ही काय जादूगार आहात का?” कॉरीन, बेचाळीस वर्षं विजेचं काम केलेल्या माणसाला हे झोंबतं. मी हत्यारांची पेटी उचलली आणि त्यांच्या घरी गेलो.

बैठकीच्या खोलीत रूळ मांडलेले होते. ट्रान्सफॉर्मर कोरा करकरीत, भाच्याने हौसेने आणून दिलेला, हलका, दिव्यांचा. मी दांडा ओढला. गाडी पळत होती, दिवा लागत होता, शिट्टी मुकी. मीटर लावला, तर मीटर म्हणतो, डीसी येतेय की! मग रिले उघडला, टोकं घासली, स्प्रिंग सैल केली. रुळाचे सांधे पाहिले, तारा बदलल्या. दोन तास झाले. व्हर्नाबाईंनी दोनदा कॉफी दिली, अक्रोडाचा रोल कापून ठेवला, आणि मी घामाघूम होऊन हात टेकले. कागदावर लिहिलं, “डबाच म्हातारा झालाय.” त्यांनी त्याखाली लिहिलं, “तुमच्या टेबलावर तो तरुण कसा होतो?”

मग त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. स्वतः खाली मांडी घालून बसल्या. डाव्या हाताची बोटं डब्यावर ठेवली, उजव्या हाताची ट्रान्सफॉर्मरवर, आणि मला खूण केली, ओढा. मी दांडा ओढला. सोडला. ओढला. असं दहा-बारा वेळा. त्यांचा चेहरा कसा झाला होता, सांगता येत नाही मला. चर्चमध्ये काही लोकांचा होतो तसा. मग त्यांनी वही ओढली आणि पेन्सिलीने आधी एक ओळ काढली, एकामागून एक गोल टेकड्या, हळूच चढणाऱ्या आणि हळूच उतरणाऱ्या. शेजारी लिहिलं, “तुमचं यंत्र.” त्याखाली दुसरी ओळ काढली. त्यातही टेकड्याच, पण प्रत्येकीची चढण सुरीने कापून टाकलेली. सपाट, सपाट, मग एकदम उभा कडा, आणि तिथून उतार. शेजारी लिहिलं, “भाच्याचं यंत्र. हे ढकलत नाही, टोचतं. आतला तो छोटा माणूस उठायला बघतो, पण याच्या टोचण्यांनी नुसता थरथरतो. गाडी जोरात सोडली की कडे कमी होतात, तेव्हा तो अर्धा उठतो.”

छोटा माणूस म्हणजे रिले. त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

मी तो कागद मागून घेतला आणि तडक गस डिपिएत्रोकडे गेलो. तो तंत्रशाळेत शिकवतो, त्याच्याकडे वीज पडद्यावर दाखवणारं यंत्र आहे. तसलाच नवा ट्रान्सफॉर्मर त्याच्याकडे होता, तो जोडला आणि पडद्यावर रेघ उमटली. गसने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. “एल्मर,” तो म्हणाला, “हे चित्र तू कुठल्या पुस्तकातून उतरवलंस?” मी म्हटलं, पुस्तक नाही रे, हॉलिडेजबर्गच्या एका बाईंनी बोटांनी बघून काढलंय. तो म्हणाला, “थापा मारू नकोस.” नवी यंत्रं विजेची प्रत्येक लाट कापून तिचा जोर कमी करतात. त्यांच्या परीने ते बरोबरच आहे, नव्या गाड्यांना ते चालतं. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या त्या रिलेला ही बोली कळत नाही. हे मला आणि गसला ठाऊक असायला हवं होतं. आमच्याकडे मीटर होते, पडदे होते. त्या बाईंकडे दहा बोटं होती.

घरी येताना मी गाडी पुलाजवळ थांबवली. खालून मालगाडी जात होती आणि पुलाचा कठडा माझ्या हाताखाली थरथरत होता. आणि मला तू आठवलीस. सहा वर्षांची तू, स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी. तू वळून आईकडे बघायचीस, आणि मग कितीतरी वेळाने आम्हाला गाडीचा आवाज यायचा. मी म्हणायचो, योगायोग. एकदा तू फ्रिजला हात लावलास, मला बाहीला धरून ओढत नेलंस आणि माझा हात त्यावर ठेवलास. मी चिडलो, हात काढून घेतला. दोन दिवसांनी फ्रिजची मोटर जळाली. तू मला सांगत होतीस, कॉरीन. विजेच्या कामावर पोट भरणाऱ्या माणसाला सहा वर्षांची मुलगी मोटरचा बिघाड सांगत होती, आणि त्याने हात काढून घेतला.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्याआधी मी तीनदा पेन खाली ठेवला. व्हर्नाबाईंच्या माळ्यावर मिलानचा मूळ ट्रान्सफॉर्मर होता. मी तो दुरुस्तीला आणला. त्यातली डीसी करणारी जुनी चकती दमली होती, तिच्या जागी एक डायोड बसवायचा होता. हे काम मात्र खरंच अर्ध्या तासाचं. त्या दुकानात बसून बघत होत्या. मधेच त्यांनी लिहिलं, “तुम्ही आता ओरडत नाही. माझ्यासमोर येऊन, ओठ नीट हलवून बोलता. तुमच्या घरात कोणी बहिरं आहे का?”

मी लिहिलं, “नाही.”

का लिहिलं, ठाऊक नाही. तो शब्द माझ्या हाताने लिहिला. त्यांनी वही माझ्याकडून घेतली, तो शब्द वाचला, आणि पेन्सिल भिंतीकडे रोखली. तिथे तुझा फोटो आहे, दुसरीतला. निळा फ्रॉक, आणि छातीवर पट्ट्याने बांधलेली ती ऐकण्याच्या यंत्राची पेटी. व्हर्नाबाईंनी लिहिलं, “मीही ही पेटी बांधून हिंडलेय. पहिल्याच दिवशी पाहिली होती. मला वाटलं, तुम्ही सांगाल.” वही मिटली, कोट घातला आणि निघून गेल्या.

मी तिथेच बसून राहिलो. मेनिंजायटिसमधून तू वाचलीस तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. डॉक्टर म्हणाले, शाळेतल्या बाई म्हणाल्या, हिला खुणा करू देऊ नका, हात बोलायला लागले की तोंड बोलणार नाही. मी ते अक्षरशः पाळलं. जेवताना तू हात उचललेस की मी ते टेबलावर दाबून धरायचो. तोंडाने माग, म्हणायचो. ब्रेडच्या एका तुकड्यासाठी पाऊण तास. तू निळीजांभळी होईपर्यंत ‘ब्रेड’ म्हणायला बघायचीस, आणि तुझी आई उठून नळाखाली उगाच भांडी धूत उभी राहायची. मी वाईट माणूस नव्हतो, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. मला तुझं भलं करायचं होतं, हे खरंच आहे. पण तुझे हात माझ्या हाताखाली धडपडायचे तेही खरं आहे, आणि ते मला कळत होतं.

आई दर गुरुवारी गोधड्या शिवायला म्हणून चर्चच्या तळघरात जायची. पाच वर्षांत एकही गोधडी घरी आली नाही. ती तिथे खुणा शिकते, हे मला समजत नव्हतं असं नाही. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तुमच्या दोघींचे हात खाली जायचे. दाराबाहेर उभा राहून मी कधी कधी बघायचो. तू हसत असायचीस. काय बोलत होतात, तेवढं विचारायला मी आत यायला हवं होतं.

मिलान कोवाच अकरा वर्षांचा होता जेव्हा त्याने धाकट्या बहिणीसाठी खुणा शिकायला सुरुवात केली. व्हर्नाबाईंनीच एकदा लिहिलं होतं. घरात कोणी शिकवणारं नव्हतं, तर तो ट्राम पकडून बहिऱ्यांच्या क्लबात जाऊन बसायचा. अकरा वर्षांचा. तुझं ऐकणं गेलं तेव्हा मी तिशीत होतो, नोकरी होती, मोटार होती.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त ट्रान्सफॉर्मर घेऊन मी हॉलिडेजबर्गला गेलो. त्यांनी दार उघडलं, पण वही आणली नाही. मी जोडणी केली, गाडी सोडली, त्यांच्यापाशी थांबवली आणि दांडा ओढला. कॉरीन, जुन्या यंत्रात दांड्याला दोन टप्पे असतात. आधी जोराचा धक्का, तो रिलेला उठवतो, आणि मग हलका आधार, तो त्याला धरून ठेवतो. खटकन आवाज आला. शिट्टी वाजली, दोन सुरांत, लांब, आणि त्या जमिनीवर आडव्या झाल्या. पांढरे केस गालिच्यावर पसरले. गालाखाली फरशी, गालावर वारा. मला कानाने ऐकू येत होतं आणि मला वाटलं, या खोलीत कमी ऐकणारा मीच आहे. मग काय सुचलं कोण जाणे, गुडघा दुखत असताना मीही खाली झोपलो, रुळाच्या दुसऱ्या बाजूला, आणि एक हात लांब करून दांडा ओढला. तो वारा कोमट असतो गं. तेलाचा वास येतो त्याला. चौऱ्याहत्तर वर्षांत हजारभर शिट्ट्या दुरुस्त केल्या असतील, एकीचाही श्वास मी घेतला नव्हता.

उठल्यावर मी त्यांची वही मागितली आणि कालच्या ‘नाही’वर काट मारली. त्याखाली लिहिलं, “मुलगी. कॉरीन. रॉचेस्टरला असते. मला तिच्याशी बोलता येत नाही. मला शिकवाल का?” त्यांनी वाचलं, मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि लिहिलं, “तुमची बोटं लाकडाची दिसतात. मंगळवारी या.”

तेव्हापासून चार महिने, मंगळवारी आणि शनिवारी, मी जातोय. त्या फार कडक आहेत. वही लपवून ठेवतात. कॉफी हवी तर हाताने मागायची. पहिला महिना मी तसाच कोरड्या घशाने काढला. त्या म्हणतात, मी हातमोजे घालून बोलतो. गेल्या महिन्यात त्यांच्या क्लबातल्या जेवणाला घेऊन गेल्या. साठ माणसं, सगळे हात चाललेले, हसण्याने टेबलं हलतायत, आणि मी मधोमध बसलेला, दहातलं एक वाक्य कळणारा. एका म्हाताऱ्याने माझी खूप टिंगल केली, असं मला वाटतं. पूर्ण कळली नाही. तू आमच्या जेवणाच्या टेबलाशी अठरा वर्षं कशी बसलीस, ते मात्र त्या दिवशी कळलं.

‘माफ कर’ म्हणायला मूठ मिटून छातीवर गोल फिरवायची. तळवा उघडा राहिला तर त्याचाच अर्थ ‘एवढं कर ना’ असा होतो. माझी मूठ संधिवाताने पूर्ण मिटत नाही. मी माफी मागतो आणि ती विनंतीसारखी दिसते. व्हर्नाबाई म्हणाल्या, तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तुझ्या लग्नाची पत्रिका गेल्या सोमवारी आली. रसेलचा फोटो पाहिला. माणूस भला दिसतो, डोळे हसरे आहेत. पत्रिकेच्या मागे तू तुझ्या अक्षरात लिहिलंयस की माझ्यासाठी दुभाष्याची सोय केली आहे, मी काळजी करू नये. कॉरीन, त्या दुभाष्या बाईंना माझ्याजवळची खुर्ची देऊ नकोस. जून महिन्यात मी येईन आणि जेवणाच्या वेळी, तू हो म्हणालीस तर, उभा राहून चार वाक्यं बोलेन, माझ्या हातांनी. चुका होतील, लोक हसतील, हसू देत. पहिलं वाक्य तुझ्या नावाने सुरू होतं, आणि तिथेच गाडी अडलीये. व्हर्नाबाईंनी मला सगळे शब्द शिकवले, हा एक शिकवला नाही. त्या म्हणाल्या, बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचं वेगळं नाव असतं, ते जवळच्या माणसांनी दिलेलं असतं, पुस्तकात मिळत नाही, आणि ते ज्याचं त्यालाच विचारायचं असतं. आई तुला हाक मारताना काहीतरी करायची, गालापाशी, पण मी कधी नीट पाहिलं नाही. मी तुझा बाप आहे आणि मला माझ्या मुलीचं नाव माहीत नाही. एखाद्या कागदावर हात काढून पाठव, बाण काढ, कसं वळवायचं ते लिही. मी जूनपर्यंत रोज घोकेन.

तुझाच,
बाबा